चिखलदऱ्यात एक निवांत दिवस: पॉइंट सोडून काय पाहाल?

पावसाळ्यातल्या रविवारी चिखलदऱ्याला निघालेल्या गाडीचा दिवस बहुतेक ठरलेला असतो. परतवाड्याहून घाट चढायचा, देवी पॉइंट, पंचबोल, हरिकेन, भीमकुंड असे एकामागून एक पॉइंट उरकायचे, धुक्यात फोटो काढायचे, भाजलेले कणीस खायचे आणि अंधार पडायच्या आत खाली उतरायचे. धुके दाट असले, तर सगळ्या पॉइंटांवर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही.

याच गावात वन विभागाचे संग्रहालय आहे, शासकीय उद्यान आहे, कॉफीची झाडे आहेत. आसपासच्या गावांत आठवडी बाजार भरतात. पर्यटकांच्या यादीत ही ठिकाणे तळाला असतात. पण मेळघाट समजतो तो इथेच, आणि पर्यटकाच्या खिशातला पैसा स्थानिक माणसाच्या हातात पडतो तोही मुख्यतः इथेच.

चिखलदरा एवढा वेगळा का?

सातपुड्याच्या रांगेतले हे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. खाली वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकलेला असतो, तेव्हा वर संध्याकाळी गार वारा सुटतो. भीमाने कीचकाला मारून या दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि त्याचा पुढे चिखलदरा झाला, अशी आख्यायिका आहे. हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये इथे पोहोचला आणि इंग्रज अधिकाऱ्यांना हे थंड हवेचे ठिकाण माहीत झाले, असे सांगितले जाते. कोरकू आणि गवळी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात राहत होते.

संग्रहालयात वेळ का द्यावा?

मेळघाट हा व्याघ्र प्रकल्पांच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक आणि महाराष्ट्रातला पहिला. वाघ दिसेल या आशेने आलेल्या बहुतेकांना तो दिसत नाही. डोंगराळ, दाट जंगलात ते स्वाभाविकच आहे. वन विभागाच्या संग्रहालयात या जंगलातले प्राणी, पक्षी, कीटक आणि झाडे यांची ओळख होते. लहान मुले सोबत असतील तर दिवसाची सुरुवात इथूनच करावी. पाहिलेले नाव नंतर रस्त्याकडेच्या झाडावर ओळखता आले की मुलांना मजा वाटते.

संग्रहालयातली छोटीशी चिठ्ठीही किती महत्त्वाची असते, हे मेळघाटातल्याच एका पक्ष्याने दाखवून दिले आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडले नव्हते. ब्रिटिश संग्रहालयात १९१४ सालचा आणि गुजरातमधला म्हणून एक नमुना होता, त्यामुळे शोधही भलत्याच दिशेने होत राहिला. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी नमुने तपासले. रिचर्ड माइनर्ट्झहागेन याने जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी माहिती लिहिल्याचे उघड झाले. खोटी चिठ्ठी बाजूला पडली आणि शोध योग्य जागी वळला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात हा पक्षी पुन्हा दिसला, तब्बल ११३ वर्षांनी. नंतर तो मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हा त्याचा एक प्रमुख आसरा मानला जातो.

बागेत काय पाहाल?

शासकीय उद्यान आणि वन उद्यान ही दोन्ही ठिकाणे घाईने फेरी मारण्यासारखी नाहीत. सतरंजी, घरचा डबा आणि दोन तास एवढी तयारी पुरेशी आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांना पॉइंटांच्या पायऱ्या चढवत नेण्यापेक्षा इथे बसणे केव्हाही बरे.

पठारावरची कॉफी आवर्जून पाहावी. महाराष्ट्रात कॉफी पिकणारी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कॉफीला थंडावा आणि उंच झाडांची सावली लागते. ती वऱ्हाडच्या सपाटीवर मिळत नाही, पठारावर मिळते. उन्हाळ्यातल्या सरींनंतर कॉफीला पांढरी, सुगंधी फुले येतात आणि हिवाळ्याच्या सुमारास फळे लाल होतात. मात्र बाग खासगी असेल तर विचारूनच आत जावे.

गाविलगडाला किती वेळ लागतो?

गावापासून थोड्याच अंतरावर असलेला गाविलगड म्हणजे छपराविना उभे असलेले संग्रहालय. नाव गवळ्यांवरून पडले, असे मानतात. १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहाने तो बळकट केला, पुढे इमादशाहीत त्यात भर पडली. दरवाजावर कोरलेले शार्दूल आणि गंडभेरुंड आजही पाहता येतात.

१८०३ मध्ये किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत जड तोफा उत्तर बाजूला ओढून नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. या मोहिमेचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. किल्ला नीट पाहायचा तर अर्धा दिवस हवा. निवांत दिवसात त्याचे दरवाजे तेवढे पाहून परतावे, उरलेला किल्ला पुढच्या खेपेला.

आठवडी बाजारात काय मिळते?

मेळघाटातल्या आठवडी बाजाराचा दिवस गावागणिक वेगळा असतो, त्यामुळे मुक्कामाच्या ठिकाणी किंवा एसटीच्या वाहकाला आधी विचारून घ्यावे. खालून आलेले व्यापारी मीठ, तेल, कांदे, मिरची, सुकी मासळी, कपडे, बांगड्या मांडतात. डोंगरातून आलेल्यांकडे हंगामाप्रमाणे मोहफुले, चारोळी, डिंक, सीताफळे, कुटकीसारखी भरडधान्ये आणि बांबूच्या टोपल्या दिसतात. बाजार हा इथे भेटीगाठींचा, निरोपांचा आणि सोयरिकींचाही दिवस असतो.

कानावर पडणारी कोरकू भाषा मराठीची किंवा गोंडीची नातेवाईक नाही. ती मुंडा गटातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारीच्या कुळातली आहे. या कुळातली सर्वांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच. कोरकूत वाघाला ‘कुला’ म्हणतात. दिवाळीनंतरच्या दिवसांत आलात तर बाजारातच घुंगरू, बासरी आणि ढोलकीच्या तालावर गुरे राखणाऱ्या थाट्यांचा नाच रंगतो. त्यालाच ‘घुंगरू बाजार’ म्हणतात.

बाजारात एक पथ्य पाळावे. माणसांचे, विशेषतः बायका-मुलांचे फोटो न विचारता काढू नयेत.

पैसा कोणाच्या हातात जातो?

खरा प्रश्न इथे आहे. सिडकोच्या ४०७ मीटर लांबीच्या स्कायवॉकची चर्चा गेली अनेक वर्षे आहे. मोठ्या प्रकल्पाने गर्दी येईल, हे खरे. पण घाईतला पर्यटक पैसे खर्च करतो ते पेट्रोल, पार्किंग आणि पाकीटबंद खाऊवर. ती पाकिटे घाटाखालून येतात आणि रिकामी होऊन दरीत पडतात.

थांबणाऱ्या पर्यटकाचे तसे नसते. मोथ्यासारख्या गवळ्यांच्या गावातला खवा घ्या. दूध रोज घाट उतरवून नेणे परवडत नाही, ते नासते. म्हणून ते आटवून खवा करायचा, हे इथले जुने गणित. हिवाळ्यात याच भागात शेतकरी स्ट्रॉबेरी पिकवतात आणि रस्त्याकडेला विकतात. आमझरी हे गाव ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे येत आहे. मेळघाटातली अनेक कुटुंबे शेतीचा हंगाम संपला की मजुरीसाठी खाली उतरतात आणि होळीला परततात. अशा ठिकाणी किलोभर खवा, एक टोपली किंवा घरगुती जेवणाची चार ताटे याला अर्थ असतो. तिथे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

दिवस कसा आखाल?

शक्यतो शनिवार-रविवार टाळा. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनांच्या रांगा लागतात आणि काही वेळा एकेरी वाहतूकही करावी लागते. अमरावती आणि परतवाड्याहून एसटी आहे.

• सकाळी: संग्रहालय. सुट्टी आणि वेळ आधी विचारून घ्या.
• दुपारी: उद्यानात डबा आणि विश्रांती. आधी सांगून ठेवले तर घरगुती जेवणही मिळते.
• तीननंतर: बाजाराचा दिवस असेल तर बाजार, नसेल तर मोथ्याला खवा, रबडी.
• उतरण्यापूर्वी: एकच पॉइंट, पण अर्धा तास बसून.

धुके आणि पाऊस हवा असेल तर जुलै ते सप्टेंबर, दूरवरच्या दऱ्या आणि स्ट्रॉबेरी हवी असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. स्वेटर दोन्ही वेळी लागतो. माकडांना खायला घालू नका, त्यांना माणसांच्या पिशव्यांची सवय लागते. कापडी पिशवी सोबत ठेवा. येताना ती खवा-मधाने भरेल, आणि जागा उरली तर आपला कचराही खाली नेता येईल.