कोठीची रेसिडेन्सी : वारसावास्तू, महाविद्यालय आणि विद्यार्थिनींची सुरक्षितता

हैदराबादच्या कोठी भागात, मुसी नदीच्या उत्तरेस, ब्रिटिश रेसिडेंटसाठी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली वास्तू आज महिला विद्यापीठाच्या आवारात उभी आहे. एकाच जागेवर संरक्षित स्मारक आणि चालती शिक्षणसंस्था नांदत असल्यामुळे इथे व्यवस्थापनाचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. स्मारकाला कमी वावर आणि कमी बदल मानवतात, तर महाविद्यालयाला वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह आणि तासातासाला या इमारतीतून त्या इमारतीत जाणाऱ्या विद्यार्थिनींची वर्दळ लागते. या दोन गरजांचा मेळ कसा घातला गेला आणि तो घालण्यास कुठे उशीर झाला, हे पाहिले की सामायिक इमारतीच्या कारभाराचे मर्म उलगडते.

रेसिडेंट म्हणजे संस्थानिकाच्या दरबारात राहणारा ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांकडून पराभव झाल्यानंतर निजाम कंपनीकडे अधिकाधिक झुकला आणि १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने रेसिडेंटचे महत्त्व कमालीचे वाढले. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या रेसिडेंटच्या कारकिर्दीत ही वास्तू आकाराला आली, तिचा आराखडा सॅम्युअल रसेल या लष्करी अभियंत्याने केला आणि खर्चाचा भार निजामाच्या खजिन्याने उचलला. उत्तरेकडील रुंद पायऱ्या, त्यांच्या दोन्ही बाजूंचे दगडी सिंह, उंच कोरिंथियन स्तंभ म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले खांब, आतला दुमजली उंचीचा दरबार हॉल आणि लंबवर्तुळाकार जिना हे सारे सत्तेचा दबदबा दाखवण्यासाठी योजलेले होते. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली या आवारावर हल्ला झाला, त्यानंतर तटबंदी बळकट करण्यात आली. भोवतालचा बाजार १९३३ पर्यंत ब्रिटिश प्रशासनाखाली होता, आणि याच परिसरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनीसारखी मराठी शिक्षणसंस्था उभी राहिली.

१९२४ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय १९४९ मध्ये या वास्तूत आले. ब्रिटिश निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या भव्य वाड्यात वर्ग भरवणे त्या काळी सोयीचेच होते, कारण जागा ऐसपैस होती, आवार तटबंदीने बंदिस्त होते आणि मुलींना तिथे पाठवण्यास पालकांची ना नव्हती. तथापि मोजक्या पाहुण्यांच्या समारंभासाठी बांधलेल्या दालनात रोज शेकडो विद्यार्थिनी बसू लागल्या की वास्तूवरचा भार बदलतो. बाके, कपाटे आणि पुस्तकांच्या मांडण्या यांचे वजन ठरावीक जागी साचते, तास सुटताच सारी गर्दी एकाच जिन्याकडे वळते, आणि मूळ आराखड्यात नसलेल्या विजेच्या तारा, पंखे व पाण्याचे नळ भिंतींना छेद देत जातात.

जुन्या चुन्याच्या इमारतींची झीज बहुधा डोळ्यांआड होते. लाकडी तुळईचे टोक भिंतीत बसवलेले असते. छपरातून मुरलेले पाणी तिथे साचले की मधला भाग शाबूत दिसत असतानाच टोक कुजते आणि तुळईचा आधार सुटत जातो. चुन्याचा गिलावा ओल शोषून हळूहळू बाहेर सोडतो. पण दुरुस्तीच्या नावाखाली त्यावर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, आणि गिलावा वरून घट्ट पण आतून सुटा होतो. बोटाच्या पेराने ठोकल्यावर भरीव आवाजाऐवजी पोकळ आवाज आला, तर पापुद्रा सुटल्याची ती खूण असते. सांध्यात रुजलेल्या पिंपळाचे रोपटे नुसते छाटल्याने काम भागत नाही, कारण मूळ आत जिवंत राहते आणि दरवर्षी भेग रुंदावत नेते. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी पन्हळी मोकळ्या करणे, गच्चीची पाहणी करणे आणि छताखालचे डाग नोंदवून ठेवणे ही कामे किरकोळ वाटली तरी विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेची पहिली पायरी ठरतात.

रेसिडेन्सीच्या बाबतीत ही झीज इतकी वाढली की मुख्य वास्तूतील वर्ग आवारातील नव्या इमारतींत हलवावे लागले. २००२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या आंतरराष्ट्रीय संस्थेने धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश केला आणि त्यानंतर जतनाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले. वर्ग हलवण्याच्या निर्णयाने वास्तूला उसंत आणि विद्यार्थिनींना सुरक्षित छत मिळाले. याच शहरातील उस्मानिया सार्वजनिक रुग्णालयाची ऐतिहासिक इमारत मात्र जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी आत शिरल्यानंतरच रिकामी केली गेली. धोका अंगावर येण्याआधी जागा सोडणे आणि आल्यावर सोडणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात पर्यायी जागेची तयारी करता येते, दुसऱ्यात तारांबळ उडते.

सुरक्षिततेची दुसरी बाजू माणसांच्या वावराशी निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थी सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती अनिवार्य करणारे विनियमही त्याच वर्षीचे आहेत. या समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठ महिलेकडे असते आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणांत विद्यार्थी प्रतिनिधींना स्थान असते. तेलंगण पोलिसांची ‘शी टीम्स’ ही महिला सुरक्षा पथके हैदराबादेत ऑक्टोबर २०१४ पासून कार्यरत आहेत. कोठीसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेत या तरतुदींना विशेष अर्थ येतो, कारण वारसावास्तू पाहू इच्छिणारा पर्यटक आणि वर्गाला जाणारी विद्यार्थिनी एकाच आवारात वावरतात. पर्यटकांसाठी वेगळी वेळ व वेगळी वाट ठेवणे, दुरुस्तीच्या कामगारांची नोंद ठेवणे, परांची बांधलेला भाग पूर्णपणे कुंपणाआड करणे आणि आगीच्या प्रसंगी बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा कायम मोकळ्या राखणे, ही त्यातली व्यावहारिक कामे होत. भिंत उंच आहे म्हणून आवार सुरक्षित आहे असे मानणे फसवे ठरते, कारण आतल्या माणसाला घाईने बाहेर पडावे लागले तर तीच भिंत अडथळा होते.

खरी अडचण जबाबदारीच्या वाटणीत असते. वास्तूचा वापर विद्यापीठाकडे, तिच्यातील बदलांवर वारसा विभागाचे नियंत्रण, अग्निसुरक्षेची तपासणी अग्निशमन दलाकडे आणि बाहेरचा बंदोबस्त पोलिसांकडे, अशी विभागणी झाली की एखादा धोकादायक जिना आजच बंद करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर फायलींत अडकून पडू शकते. परवानगीविना दुरुस्ती करता येत नाही हे खरे असले तरी दालनाला कुलूप लावण्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागू नये. तो अधिकार आवारातल्याच एका अधिकाऱ्याकडे, लेखी आणि निःसंदिग्धपणे, सोपवलेला असला पाहिजे.

२०२२ मध्ये या महाविद्यालयाचे महिला विद्यापीठात रूपांतर झाले आणि २०२४ मध्ये तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील चाकली ऐलम्मा यांचे नाव त्याला देण्यात आले. विद्यापीठ वाढेल तसतशी जागेची मागणी वाढेल आणि दुरुस्त झालेली दालने पुन्हा रोजच्या वापरात आणावीत असा आग्रहही होऊ शकेल. त्या वेळी कोणत्या दालनात एकाच वेळी किती जणींनी बसावे, हे उपलब्ध जागेवरून न ठरवता तुळया, जिने आणि बाहेर पडण्याच्या वाटा यांवरून ठरवले गेले, तर वास्तू वापरात राहूनही सुरक्षित राहील.