भाकरी बदलली नाही, नाव बदलले!

माद्रिदच्या खाणावळीत ‘तोर्तिया’ मागा. पुढ्यात येईल अंडी आणि बटाट्यांची जाडजूड पोळी. तीच मेक्सिको शहरात मागा. येईल मक्याची पातळ, गोल भाकरी. भाषा एक, शब्दही एक, पदार्थ मात्र दोन! ही गंमत कशी घडली?

स्पॅनिशमध्ये ‘तोर्ता’ म्हणजे केकसारखा गोल पदार्थ. आपण डब्याची डबी करतो, तशी तोर्ताची झाली ‘तोर्तिया’. १५१९ साली एर्नान कोर्तेसचे सैनिक मेक्सिकोत उतरले. तिथली भाकरी पाहून स्पॅनिश लोकांनी तिला आपल्या ओळखीचे नाव देऊन टाकले. तिथल्या नाहुआत्ल भाषेत ती होती ‘त्लाश्काल्ली’.

जेत्यांनी ताटातल्या पदार्थाचे बारसे केले खरे. पण चुलीपाशी त्यांचे फारसे चालले नाही. भाकरीचा तवा ‘कोमाल’च राहिला. मका वाटण्याचा दगडी पाटा ‘मेताते’च राहिला. हे दोन्ही शब्द नाहुआत्लमधून आलेले. कारण उघड आहे. जेवणारा नवा होता. भाकऱ्या थापणारी बाई तीच होती!

तिच्याच जिभेवर आणखी एक शब्द टिकला : ‘निश्तामाल’. चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवलेला मका, असा त्याचा अर्थ. चुन्याने मक्याचे साल सुटते, वाटलेला गोळा चिकट होतो आणि भाकरी तुटत नाही. शिवाय मक्यात अडकून पडलेले नायासिन हे जीवनसत्त्व अंगी लागते.

युरोपीयांनी मका जहाजात भरून नेला. ही कृती मात्र मागेच राहिली. तिची किंमत मोजली गरिबांनी. जवळजवळ मक्यावरच गुजराण करणाऱ्या उत्तर इटलीतल्या शेतकऱ्यांत अठराव्या शतकात ‘पेलाग्रा’ पसरला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही त्याने हजारो बळी घेतले. कातडी सोलवटे, जुलाब लागत, बुद्धी भ्रमे. नायासिनच्या अभावाशी या रोगाचे नाते १९३७ नंतर स्पष्ट झाले. मेक्सिकोतल्या बायांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते; पण रोजच्या मक्यात चुना घालायला त्या चुकल्या नव्हत्या.

स्वयंपाकघरातल्या शब्दांना आपण साधे समजतो. पण त्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण मुरलेले असते. परक्याच्या घरून धान्य आणावे, तेव्हा ते रांधण्याचा शब्दही मागून घ्यावा!