आवाजाला वेगळी वाट लागते

‘फोन फोर-जी आहे, म्हणजे बोलणेही फोर-जीवरूनच होते.’ बहुतेकांना असे वाटते आणि त्यात त्यांचा दोष नाही. खरे काय ते त्यांना कुणी समजावून सांगितलेलेच नाही. फोर-जीचे, म्हणजे एलटीईचे मानक २००८च्या अखेरीस पक्के झाले, तेव्हा त्यात जुन्या पद्धतीच्या कॉलसाठी जागाच नव्हती. टू-जी आणि थ्री-जीत दोघांच्या बोलण्यासाठी कॉल संपेपर्यंत एक वाट राखून ठेवली जाई. एलटीईत सगळे काही डेटाच्या पाकिटांतून जाते. म्हणून सुरुवातीची काही वर्षे कॉल आला की फोन टू-जी किंवा थ्री-जीवर उतरायचा आणि बोलणे संपले की पुन्हा वर यायचा. कॉल चालू असताना इंटरनेट मंदावायचे किंवा थांबायचे, ते यामुळेच.

आवाज फोर-जीवरच ठेवायचा तर कंपनीला आयएमएस नावाची वेगळी यंत्रणा उभारावी लागते. तिचे मानक २००२च्या सुमाराचे, म्हणजे एलटीईपेक्षा जुने. कॉल जोडणे, कॉल वळवणे, व्हिडिओ कॉल, एसएमएस या सेवा ती एका जागेवरून सांभाळू शकते; खालचे जाळे फोर-जी असो, फाइव्ह-जी असो की घरचे वायफाय. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली ती टू-जी, थ्री-जी न घेताच. उतरायला खालची पायरीच नसल्याने व्होल्टे, म्हणजे फोर-जीवरूनच बोलणे, तिला पहिल्या दिवसापासून अटळ होते, आणि ज्यांच्या फोनमध्ये ते नव्हते त्यांना कॉलसाठी वेगळे ॲप घ्यावे लागे. एअरटेलने व्होल्टे सुरू केले वर्षभराने, आधी मुंबईत.

‘व्होल्टे म्हणजे व्हॉट्सॲप कॉलच की!’ नाही. पाकिटांतून जाणे एवढेच साम्य. व्होल्टेच्या पाकिटांना जाळ्यात अग्रक्रम असतो आणि ठरावीक वेग राखलेला असतो. व्हॉट्सॲपची पाकिटे बाकीच्या डेटाबरोबर रांगेत थांबतात.

‘फाइव्ह-जीचे चिन्ह आहे, म्हणजे कॉलही फाइव्ह-जीवर.’ हेही दरवेळी खरे नसते. भारतात ऑक्टोबर २०२२मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा एअरटेलने फोर-जीच्या मध्यवर्ती यंत्रणेला, म्हणजे गाभ्याला, फाइव्ह-जीचे रेडिओ जोडले, तर जिओने स्वतंत्र गाभा उभारला. पहिल्या रचनेत कॉल फोर-जीवरूनच जातो. दुसऱ्या रचनेतही फोन आणि जाळे या दोघांची फाइव्ह-जीवर बोलण्याची तयारी नसेल, तर कॉलपुरते फोर-जीवर यावे लागते.

सर्वांत घातक गैरसमज मात्र पुढचा आहे: ‘मानक जगभर एकच, मग कुठलाही फोन कुठेही चालणार.’ ही मानके थ्रीजीपीपी या मंचावर ठरतात. अमेरिका, युरोप, चीन, जपान, कोरिया आणि भारत यांच्या मानक संस्था त्यात भागीदार आहेत, भारताची टीएसडीएसआय. पण मानकात पर्याय भरपूर असतात. त्यांतले कोणते चालू ठेवायचे हे फोन बनवणारा आणि सेवा देणारा आपापले ठरवतात. दोघांचे जुळले नाही तर मानक पाळूनही सेवा मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात याचा प्रत्यय आला. तिथे थ्री-जी बंद करताना लक्षात आले, की काही फोन रोजचे कॉल व्होल्टेवरून उत्तम लावतात, पण ००० हा आपत्कालीन क्रमांक फिरवला की थ्री-जीच शोधतात. आपत्कालीन कॉलची नोंदणी आणि मांडणी मानकातच वेगळी आहे. एलटीईसाठी ती नंतरच्या आवृत्तीत आली. साधे व्होल्टे चालते म्हणून तीही चालेलच असे नाही. टेलस्ट्रा आणि ऑप्टस या तिथल्या कंपन्यांनी थ्री-जी बंद करण्याची तारीख पुढे ढकलली आणि अखेर २८ ऑक्टोबर २०२४ रोजी थ्री-जी सेवा बंद करायला घेतली. ००० लावू न शकणाऱ्या फोनना सेवाच द्यायची नाही, असे बंधन सरकारी नियामकाने कंपन्यांवर घातले. परदेशात घेतलेले फोन यात विशेष अडकले. मला हा निर्णय कठोर पण योग्य वाटतो. रोज व्यवस्थित चालणारा फोन नेमका आग लागल्यावर मुका होणार असेल, तर रोजच्या वापरातून ते आधी कळत नाही.

त्यामुळे सिडनी-मेलबर्नला निघालेल्या मुलीला इथला फोन घेऊन देताना ‘तिथले फोर-जी बँड आहेत का?’ एवढेच विचारून भागत नाही. नेमके ते मॉडेल व्होल्टेवरून ००० लावू शकते का, हे तिथल्या कंपनीकडून खात्री करून घ्यायला हवे.