इसवी सन १८०९ : आखाड्याचे एक वर्ष

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या क्रीडाजीवनाचा आढावा घेताना इ. स. १८०९ या वर्षापाशी थांबणे सोयीचे ठरते, कारण त्या वर्षी दौलतराव शिंद्यांच्या फिरत्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची पत्रे १८१३ साली लंडनला ग्रंथरूपाने छापली गेली आणि मराठी लष्करी जीवनातील करमणुकींचे प्रत्यक्षदर्शी वर्णन त्यामुळे उपलब्ध झाले. जोर, बैठका, मुद्गल आणि लेझीम हा त्या काळच्या मल्लाचा नित्याचा व्यायाम होता. लेझीम म्हणजे तेव्हा लोखंडी साखळी लावलेले, ताकद कमावण्यासाठी ओढायचे जड धनुष्य, आजच्या मिरवणुकीतले हलके वाद्य नव्हे.

छावणीबाहेरच्या मुलुखाकडे पाहिले, तर आजच्या बीड जिल्ह्यातील उमापूर हे गाव ज्या गेवराई तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील राक्षसभुवन येथे १७६३ साली पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली होती. हा सरहद्दीचा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला, तरी तालमीला सरहद्द नव्हती. मल्लखांबाची परंपरागत कथाच त्याची साक्ष देते : निजामाकडील अली आणि गुलाब या मल्लांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आव्हान दिले, ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारले आणि वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर तयारी करून अलीला चीत केले. कथा बाजूला ठेवली तरी मल्लखांब या साधनामागची बुद्धी अस्सल आहे. बुडाशी जाड, वर निमुळता होत मान आणि बोंडापर्यंत जाणारा, एरंडेल चोळलेला सागवानी किंवा शिसवी खांब हा न थकणारा जोडीदारच असून त्याच्यावर पकड, मांडी आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी कसाला लागतात. अशा स्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही असल्यामुळे देवधरांना जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक म्हणणे अधिक रास्त आहे.

याच १८०९ साली १ जून ते १२ जुलै या काळात इंग्लंडात न्यूमार्केट येथे कॅप्टन बार्कले याने दर तासाला एक मैल याप्रमाणे सलग हजार तासांत हजार मैल चालून हजार गिनींची पैज जिंकली. पैज लागली की साक्षीदार, घड्याळ आणि वही आलीच, म्हणून त्याचा दिनक्रमदेखील टिपला गेला. इकडे मल्लाला मिळणारे कडे, पोशाख किंवा इनाम हा देणाऱ्या सरदाराच्या खर्चाचा विषय होता. कोणी कोणत्या डावावर कोणाला पाडले, हे कारकुनाने लिहावे असे कोणाला वाटले नाही. आपल्याकडे खेळ कमी नव्हता, नोंद कमी होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि त्याच्यामागोमाग देवधरही गेले. मल्लखांब उत्तरेत रुजला तो या स्थलांतरातून. आश्रयदाता गेला तरी वस्तादाकडून शिष्याकडे जाणारी विद्या टिकली, मात्र निकाल टिकले नाहीत. जत्रेत नारळापासून मानाच्या जोडीपर्यंत आजही कुस्त्या लावणाऱ्या गावकऱ्यांनी, उमापूरकरांनीही, पंच, जोड, डाव आणि निकाल एका वहीत लिहून ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी.