साडेचार तासांतला प्रश्न

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांमध्ये खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या तिशीतल्या एखाद्या कामगाराचा उजवा हात लुळा पडतो, जीभ जड होते, शब्द फुटत नाही, तेव्हा भोवतालचे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. बहुतेकदा ते खरंच असतं. पण क्वचित तो पक्षाघात नसून अर्धशिशीचा एक दुर्मीळ प्रकार असतो, हेमिप्लेजिक मायग्रेन. डेन्मार्कमधल्या पाहणीत तो साधारण दहा हजारांत एकाला आढळला. यातही अर्धं अंग जातं, पण बहुधा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत पूर्ववत होतं. न्यू सिव्हिल रुग्णालय असो की महापालिकेचं स्मीमेर रुग्णालय, तातडीच्या विभागातल्या डॉक्टरपुढे दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक यंत्राइतकाच, किंबहुना यंत्राहून अधिक, रुग्णाच्या हकिकतीत असतो. आणि घर सोडून आलेल्या माणसाची नेमकी हकिकतच हाती लागत नाही.

तपासण्यांचा क्रम ठरलेला आहे. रक्तातली साखर आधी पाहतात, कारण ती फार उतरली तरी अंग लुळं पडू शकतं. मग सीटी स्कॅन. त्यात रक्तस्राव लगेच दिसतो. पण गुठळीमुळे नुकताच झालेला पक्षाघात सीटीत अनेकदा दिसत नाही, आणि मायग्रेनमध्येही सीटी स्वच्छच येतो. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे शब्द इथे काहीच सिद्ध करत नाहीत. दुसरीकडे गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या साडेचार तासांत सगळ्यात मोलाचा प्रश्न असतो, ‘कसं सुरू झालं?’ पक्षाघात बहुधा एका क्षणात येतो. हात, चेहरा, वाचा सगळं एकदम जातं. मायग्रेन सरकत येतो. १९४४ मध्ये ब्राझीलच्या आरिस्टिडेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूवर हळूहळू पसरणारी एक लाट नोंदवली. मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने जाणारी हीच लाट मायग्रेनच्या पूर्वलक्षणांमागे असते, असं आज मानलं जातं. म्हणूनच आधी डोळ्यांपुढे चकाकत्या वाकड्यातिकड्या रेषा येतात, मग बोटांत मुंग्या, त्या वीस-तीस मिनिटांत कोपरापर्यंत, मग गालापर्यंत चढतात.

यावर कुणी विचारेल, सोबत डोकं दुखत असेल आणि वय कमी असेल, तर मायग्रेन म्हणून थांबायला काय हरकत आहे? हरकत मोठी आहे. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली तर तरुणांनाही पक्षाघात होतो, आणि त्यातही मान व डोकं दुखतं. शिवाय पूर्वलक्षणांसह येणारा मायग्रेन असणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका मुळातच इतरांच्या जवळपास दुप्पट असतो. मग मायग्रेनच्या रुग्णाला चुकून गुठळीचं औषध दिलं तर? अशा वेळी मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळलं आहे. निसटलेला पक्षाघात मात्र माणसाला जन्मभर अपंग करू शकतो. एमआरआय पुष्कळ उलगडा करतो, पण तो दर ठिकाणी रात्री-बेरात्री मिळेलच असं नाही, आणि मेंदूच्या मागच्या भागातला छोटा पक्षाघात सुरुवातीला त्यातूनही निसटू शकतो. म्हणून शंका असेल तोवर पक्षाघातच धरून चालणं योग्य. मायग्रेनचं नाव पहिल्या तासात घाईने देऊ नये.

ते नाव पक्कं करायलाही नियम आहे. असे किमान दोन झटके यावे लागतात, आणि प्रत्येक वेळी अशक्तपणा पूर्ण ओसरावा लागतो. पुष्कळदा हा आजार घराण्यात चालतो. १९९६ मध्ये त्याचं पहिलं जनुक सापडलं. आई किंवा वडिलांकडे ते असेल तर प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. आईला तरुणपणी असंच होऊन बरं वाटलं होतं का, हे खोलीतल्या सोबत्याला कुठून ठाऊक असणार? ते नंदुरबारच्या किंवा दोंडाईच्याच्या घरात ठाऊक असतं. पहिली धांदल सरली की तिथे फोन लावून, अहिराणीत किंवा मराठीत, तेवढं विचारणं ही औपचारिकता नाही, तपासणीच आहे. नाव पक्कं झालं की उपचारही बदलतो: साध्या मायग्रेनमध्ये सर्रास दिली जाणारी ट्रिप्टान गटातली औषधं इथे सहसा टाळतात.

आपल्यापैकी कुणाच्या शेजारी असा प्रसंग आला, तर डोकं चोळत, तेल लावत बसू नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा, काय आधी आणि काय नंतर झालं ते ध्यानात ठेवा, १०८ ला फोन करा आणि त्याच्या घरच्यांचा नंबर सोबत न्या.