रानांतलें तांबूस मुंगूस

इंग्रजी भाषेनें मराठीपासून जे थोडे शब्द उचलले, त्यांत ‘मुंगूस’ हा एक आहे. शब्द आपला, प्राणीहि आपल्या परसांतला; पण त्याच्याविषयींची आपली माहिती सापाशीं होणाऱ्या झुंजीपलीकडे सहसा जात नाहीं.

सोलापूरच्या आसपास बाभळीच्या कुंपणांतून किंवा ज्वारीच्या बांधावरून जें सरकतांना दिसतें, आणि ज्याला रामाची शपथ घालून मुलें तोंड दाखवावयास सांगतात, तें राखी मुंगूस होय. त्याचा एक भाऊबंद मात्र वस्तीपासून दूरच राहतो. तें तांबूस मुंगूस. पानगळीचीं कोरडीं अरण्यें व खडकाळ टेकड्या हें त्याचें घर. विदर्भांत ताडोब्याच्या रानांत तें आढळतें. ग्रे या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८३७ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. ओळखण्याची खूण शेपटींत आहे. तिचें टोंक काळेंभोर असून चालतांना तें वर वळविलेलें असतें. राख्याच्या शेपटीला हें काळें टोंक नसतें. उंदीर, सरडे, पक्षी, अंडीं, किडे, मिळेल तें तें खातें. याच्या नख्या मांजराप्रमाणें आंत ओढल्या जात नाहींत, तरी त्याचें नातें मांजर व तरस यांच्याच बाजूचें. पूर्वीं त्याला उदमांजराच्या कुळांत गणीत; आतां त्याचें कुळ स्वतंत्र मानतात.

साप चावल्यावर मुंगूस एक विशिष्ट मुळी शोधून खातें, ही समजूत फार जुनी आहे. खरें कारण त्याच्या स्नायूंत आहे. मज्जातंतूचा निरोप स्नायूला जेथें पोंचतो, नेमक्या त्याच जागीं नागाचें विष चिकटतें आणि स्नायु लुळे पडतात. मुंगसाच्या स्नायूंवरील ही जागा किंचित् निराळ्या घडणीची असल्यामुळें विष तेथें नीट बसत नाहीं, असें १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. ही तटबंदी अभेद्य मात्र नव्हे. त्याची मुख्य भिस्त चपळाईवर आणि फुलविलेल्या राठ केसांवर असते. सापाचे दांत पुष्कळदां त्या केसांतच फुकट जातात.

दुर्दैव असें कीं, ज्या केसांनीं तें सापापासून वांचतें, तेच त्याच्या जिवावर उठले आहेत. हे केस ताठ, टोंकदार आणि रंग धरून ठेवणारे. म्हणून कुंचल्यांच्या धंद्यांत त्यांना मोठी मागणी. एक किलो केसांसाठीं सुमारें ५० मुंगसें मारलीं जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं ही शिकार व हा व्यापार गुन्हा आहे. असें असूनहि २०१९ सालीं अनेक राज्यांत एकाच वेळीं छापे घालावे लागले, तेव्हां असे कुंचले मोठ्या संख्येनें हातीं लागले. राखी कोणतें आणि तांबूस कोणतें, हा भेद फासेपारखी कशाला करील!

हे कुंचले मुलांच्या चित्रकलेच्या साहित्यांतून आपल्याहि घरीं येऊं शकतात. केस उजेडांत धरून पाहावा. टोंकाशीं गडद तपकिरी, मध्यें फिकट, पुन्हां गडद, असे पट्टे दिसले तर तो मुंगसाचा असण्याचा संभव फार. कृत्रिम धाग्याचा रंग बहुधा बुडापासून टोंकापर्यंत सारखाच असतो, आणि जाळल्यास त्याला जळक्या केसांचा वास येत नाहीं.