कर्जमाफीची संगणकप्रणाली आणि सर्व्हरवरचे खापर

सरकारी संगणकप्रणाली कोलमडली की सर्व्हर कमी पडला किंवा प्रोग्रामर कच्चे होते, असे निदान ठरलेलेच असते. २०१७च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेबद्दल तर ते इतक्यांदा ऐकू येते की वस्तुस्थिती एकदा स्पष्टपणे मांडणे भाग आहे. सर्व्हरच्या तक्रारी खऱ्या होत्या, पण घोळाचे मूळ त्याआधीचे होते. दीड लाख रुपयांपर्यंतच्या माफीसाठी कुटुंब, म्हणजे पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले, हे एकक धरले गेले; बँकेची खतावणी मात्र खातेदारनिहाय असते आणि तिच्यात कुटुंबाचा रकानाच नसतो. वर्धा जिल्ह्यातील केळझरसारख्या गावात पतीचे पीककर्ज सेवा सहकारी संस्थेचे आणि पत्नीचे सेलूच्या एखाद्या बँकेचे असेल, तर दोन्ही कर्जे एकाच घरची आहेत हे कळण्यासाठी आधी ऑनलाइन अर्ज भरून घ्यावा लागतो आणि मग तो बँकांच्या माहितीशी ताडावा लागतो. सेवा संस्थेचे काम पाहणाऱ्या गटसचिवाच्या वहीत, सातबाऱ्यावर आणि आधार कार्डावर एकाच माणसाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असेल, तर ही ताडणी कोणत्या प्रोग्रामरने करावी? त्यात जूनमध्ये जाहीर झालेल्या योजनेची प्रमाणपत्रे १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर वाटायची होती.

डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेने नेमके हेच निर्णय बदलले: वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला, अर्ज काढून टाकला, खात्यांची माहिती बँकांकडून आधीच मागवली आणि २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी ६८ गावांपुरतीच लावून आधार प्रमाणीकरण, म्हणजे अंगठ्याच्या ठशाने ओळख पटवण्याची पद्धत, पारखून घेतली.

हा अनुभव महाराष्ट्रापुरता आहे असे वाटत असेल, तर अमेरिकेतील स्टँडिश ग्रुपचा संगणकप्रकल्पांवरचा १९९४चा अहवाल पाहावा. त्यातील अपयशाच्या टक्केवारीवर संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. तथापि पाहणीत उत्तरे देणाऱ्या संगणक विभागांच्या व्यवस्थापकांनी यशाची कारणे सांगताना वापरणाऱ्यांचा सहभाग, वरिष्ठांचा पाठिंबा आणि गरजांची स्पष्ट मांडणी यांना पहिली तीन स्थाने दिली होती.

माणसे वाढवली की रखडलेले काम लवकर संपते, हाही गैरसमजच. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५मध्येच दाखवून दिले. गरजा नंतर ठरवता येतात, हा समज तर सर्वांत महाग पडतो.

पुढच्या योजनेचा शासन निर्णय निघण्यापूर्वी त्याचा मसुदा एखाद्या गटसचिवाला आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रचालकाला वाचायला द्यावा, एवढी मागणी शेतकऱ्यांनी जरूर करावी.